हत्तीवरून डार्विन, व्हॅनमधून आम्ही



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही मॉरिशसला जाऊन आलो हे नातेवाइकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. फोटो तर आमच्या आधी पारनेरला पोहोचले होते! त्यामुळे निळा समुद्र, पांढरी वाळू, नारळाखाली उभे राहिलेले आम्ही दोघं वगैरे पुन्हा सांगत नाही. प्रवासवर्णन लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मला त्या बेटावरच्या एका रस्त्याबद्दल लिहायचं आहे. अडतीस वर्षं पोरांना इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे कुठेही गेलो तरी "हे केलं कुणी?" असं विचारायची खोड लागली आहे. आमची ही म्हणते, तुम्ही स्वर्गात गेलात तरी पायऱ्या कुणी बांधल्या ते आधी विचाराल. असो.

तर मुलानं एका दिवसासाठी ड्रायव्हरसकट व्हॅन ठरवली होती. सात माणसांची, थंडगार, पुढे पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. ड्रायव्हर साठीच्या आसपासचा, पांढरा शर्ट, अतिशय सभ्य. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाकहून निघायचं, कास्कावेल, टामारिन, ब्लॅक रिव्हर करत दक्षिणेला ल मॉर्नच्या डोंगरापर्यंत जायचं, तिथून किनाऱ्यानं पूर्वेकडे वळून बे-द्यु-काप आणि पुढे सुइयाक. परत येताना शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती. समुद्र जवळजवळ दिवसभर उजव्या हाताला. तिथेही आपल्यासारखं डावीकडून चालवतात, त्यामुळे परक्या देशात आल्यासारखं वाटत नाही.

डाव्या हाताला ऊस. ऑक्टोबर म्हणजे त्यांच्याकडे तोडणीचा हंगाम, तो डिसेंबरपर्यंत चालतो. नगर जिल्ह्यातल्या माणसाला उसाचं काय कौतुक? पण त्या उसात मधूनमधून काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसायला लागले. काही ठिकाणी नुसते रचलेले, काही ठिकाणी चांगले चौकोनी बांधून काढलेले. शेत करताना जमिनीतून निघालेले दगड वेचून एका जागी रचायचे, ते हे ढीग. आपल्याकडे माळ फोडून रान केलं की ताली-बांधाला दगड लागतात, तसंच. गाडी थांबवायला सांगितली आणि एक दगड हातात घेऊन पाहिला. काळा, जड, बारीक भोकांचा. हा तर आपलाच दगड!

आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही बरं का. भूशास्त्रज्ञांचं आज बहुतेक एकमत आहे की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या ठिकाणाहून लाव्हा बाहेर पडून आपलं दख्खनचं पठार तयार झालं, ते पृथ्वीच्या पोटातलं तापलेलं ठिकाण आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. हिंदुस्थानची भूमी त्याच्यावरून उत्तरेला सरकली आणि तो 'चुलखंड' मागे राहिला. त्यातूनच सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. रियुनियनवरचा ज्वालामुखी तर अजून जिवंत आहे. म्हणजे आपल्या निघोजच्या कुकडी नदीत जे रांजणखळगे पाहायला लोक लांबून येतात, त्यांचा काळा पाषाण आणि मॉरिशसच्या उसातले ढीग ही एकाच आईची लेकरं. मधलं वयाचं अंतर जरा जास्त आहे, एवढंच.

दगडाचं एवढं पुराण लावलं, कारण पुढची सगळी गोष्ट दगडाचीच आहे.

गाडीत बसल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं की एवढ्याशा बेटावर इतके चांगले रस्ते मुळात कुणी केले. तो म्हणाला, "ब्रिटिशांनी." मुलगा म्हणाला, "बाबा, सरकारनं केले असतील." दोन्ही उत्तरं आपल्या पाठ्यपुस्तकांतल्यासारखी. शाहजहाननं ताजमहाल बांधला, शेरशहानं रस्ता बांधला. परत आल्यावर मी जमेल तेवढं वाचून काढलं. ते सांगतो.

मॉरिशस १८१० पर्यंत फ्रेंचांकडे होतं. त्या वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजांनी ते जिंकलं आणि रॉबर्ट टाउनसेंड फर्क्युहार हा पहिला इंग्रज गव्हर्नर झाला. बेटावर साखर होण्यासारखी होती, पण ती बंदरापर्यंत न्यायला धड रस्ते नव्हते. मळ्यांवरची सगळी कामं आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेले गुलाम करत. इंग्रजांनी १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातलेली, त्यामुळे नवीन माणसं उघडपणे आणता येईनात. आता रस्त्याच्या कामाला माणसं आणायची कुठून? फर्क्युहार पूर्वी पेनांग बेटावर अधिकारी होता. तिथे हिंदुस्थानातून जन्मठेपेचे कैदी पाठवत आणि त्यांच्याकडून सरकारी कामं करून घेत, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यानं कलकत्त्याला मागणी केली आणि १८१५ मध्ये हिंदी कैद्यांचं पहिलं जहाज मॉरिशसला लागलं. हे १८३७ पर्यंत चाललं. आधी बंगालकडून, मग मुंबई इलाख्यातूनही, मिळून सुमारे दीड हजार माणसं. जवळजवळ सगळे पुरुष.

इथे आपल्या मनातली एक समजूत दुरुस्त करायला हवी. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं आणि अंदमान म्हटलं की सावरकर. पण अंदमानला कैदी जायला लागले ते सत्तावनच्या उठावानंतर, १८५८ च्या मार्चपासून. सावरकर गेले १९११ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून कंपनी सरकार माणसांना समुद्रापलीकडे पाठवत होतं... सुमात्रातलं बेंकुलेन, पेनांग, मलाक्का, सिंगापूर, ब्रह्मदेशाचा किनारा, आणि मॉरिशस. सिंगापूरच्या कितीतरी जुन्या इमारती आणि रस्ते याच हातांचे आहेत. काळ्या पाण्याचा हा पहिला अध्याय मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकात पाहिला नाही.

आणि मुंबई इलाखा म्हणजे काय? १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर पुणे, नगर, खानदेश, सगळा मुलूख त्यात आला. कोकण होतंच. नवा अंमल, नवे कायदे, नव्या कचेऱ्या. फौजा मोडल्यामुळे घरी बसलेले हजारो शिपाईगडी. जंगल आणि घाट ज्यांच्या हक्काचे त्यांना एका रात्रीत 'दरोडेखोर' म्हणायला सुरुवात झाली. त्यांत खरोखरचे दरोडेखोर आणि खुनीही होतेच, मी कुणाला उगाच देव्हाऱ्यात बसवत नाही. पण त्या वीस वर्षांतला कैदी हा आजच्या अर्थानं नुसता गुन्हेगार नव्हता, हे विसरून चालणार नाही. बंगालमधल्या जन्मठेपेच्या कैद्याच्या तर कपाळावर त्याचा गुन्हा गोंदत. १८४९ पर्यंत हा प्रकार चालू होता. कपाळावर गुन्हा घेऊन माणूस समुद्र ओलांडायचा आणि अनोळखी बेटावर रस्त्याच्या कडेला दगड फोडत बसायचा.

या माणसांना पाहून लिहून ठेवणारा एक साक्षीदार आहे आणि तो साधासुधा नाही. चार्ल्स डार्विन. बीगल जहाजावरची त्याची जगप्रदक्षिणा संपत आली होती आणि १८३६ च्या एप्रिलअखेर ते जहाज पोर्ट लुईला लागलं. डार्विन तेव्हा सत्तावीस वर्षांचा. दहा-बारा दिवस तो तिथे होता. आपल्या प्रवासाच्या पुस्तकात तो लिहितो की हिंदुस्थानातून जन्मभरासाठी पाठवलेले सुमारे आठशे कैदी या बेटावर आहेत आणि सार्वजनिक कामांवर राबत आहेत. या लोकांना पाहण्यापूर्वी हिंदी माणसं इतकी भारदस्त दिसत असतील याची त्याला कल्पना नव्हती. सावळा रंग आणि म्हाताऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र दाढ्यामिश्या त्याच्या डोळ्यांत भरल्या. त्यांच्यातले पुष्कळ जण खुनासारख्या गुन्ह्यांसाठी आलेले होते. पण काही जण अशा कारणांसाठी आलेले होते की त्यांना नैतिक अपराध म्हणणं कठीण, असंही तो स्पष्ट सांगतो. त्यांचं शांत वागणं, स्वच्छता आणि आपापला धर्म पाळणं पाहून, ऑस्ट्रेलियातल्या इंग्रज कैद्यांकडे ज्या नजरेनं आपण पाहिलं तसं यांच्याकडे पाहणं शक्य नाही, असा त्याचा अभिप्राय.

त्याच पुस्तकात थोडं पुढेमागे तो बेटाच्या भरभराटीचं कारण सांगतो. इंग्रज आल्यापासून साखरेची निर्यात पंचाहत्तर पटींनी वाढल्याचं त्याच्या कानावर आलेलं असतं, आणि याचं एक मोठं कारण तो सांगतो: उत्तम रस्ते. शेजारच्या फ्रेंच बेटावर म्हणजे रियुनियनवर रस्ते तसेच वाईट राहिलेत, इथे मात्र खडीचे पक्के रस्ते झालेत. मजा अशी की कैदी आणि रस्ते या दोन गोष्टींची सांगड तो ठळकपणे घालत नाही. ती आपण घालायची.

आता गंमत ऐका. बेटाचा सर्व्हेअर जनरल कॅप्टन लॉइड यानं डार्विनला आपल्या घरी पाहुणा म्हणून नेलं आणि एक दिवस उंचावलेले प्रवाळाचे खडक दाखवायला दक्षिणेकडे ब्लॅक रिव्हरला घेऊन गेला. होय, आमची व्हॅन ज्या ब्लॅक रिव्हरला गेली तिथेच! दोन्ही बाजूंना ऊस, उसात लाव्हाचे मोठमोठे धोंडे, रस्त्याकडेला कुंपणं, घरांपुढे आंब्याची झाडं, असं वर्णन त्यानं केलं आहे. लॉइडकडे एक हत्ती होता, सगळ्या बेटावर एकच. पाहुण्याला हिंदुस्थानी थाटाची सफर घडावी म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत तो हत्ती बरोबर दिला. एवढं अवाढव्य जनावर पण पावलाचा आवाज अजिबात नाही, याचं डार्विनला सगळ्यात आश्चर्य वाटलं. म्हणजे खास वाहन, चालवणारा वेगळा, यजमानानं आखलेली वाट, कडेला निसर्गशोभा. आम्ही पैसे मोजून जे केलं तेच डार्विननं १८७ वर्षं आधी फुकटात केलं. आमच्या व्हॅनचाही आवाज येत नव्हता म्हणा. (नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, मग आपल्याला हत्ती का नाही मिळाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

आजचा डांबरी रस्ता त्या काळातला नाही, हे उघड आहे. ल मॉर्नच्या पुढे माकोंदेचं जे वळण आहे, जिथे कडा थेट समुद्रात उतरतो आणि रस्ता त्याच्या कमरेला धरून जातो, ते तर अलीकडेच नीट बांधून काढलेलं दिसतं. पण या बेटावर गाडीरस्त्याची पहिली खडी कुणी फोडली हे विचाराल, तर ती गुलामांच्या बरोबरीनं या पांढऱ्या दाढीवाल्यांनी.

खडी फोडणं म्हणजे काय हे माझ्या वयाच्या पारनेरकराला सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आम्ही अंगावर काढला आहे. विहिरी कोरड्या, जनावरं छावणीला नाहीतर कसायाला. सरकारी कामं निघाली... पाझर तलाव, नालाबंडिंग, आणि रस्त्यासाठी खडी केंद्रं. मी तेव्हा कॉलेजात होतो, सुट्टीत घरी आलो की आईवडिलांबरोबर खडी केंद्रावर जायचो. मोठा दगड घणानं फोडायचा, मग बसून हातोडीनं बारीक करायचा. बोटांना चिंध्या बांधायच्या, कपच्या उडून डोळ्यांत जायच्या. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा आणि त्याच्या मापात तो कधीच पुरा भरायचा नाही. लहान पोरांना सुकडी मिळायची. घरी मिलोची लाल भाकरी, ती कितीही भाजली तरी घशात अडकायची. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि महाराष्ट्राचं नाव देशभर झालं, ते बरोबरच आहे. पण आज मी एसटीनं नगरला जातो तेव्हा त्यातल्या कुठल्या तुकड्याखाली माझ्या आईनं फोडलेली खडी आहे, हे सांगायला एक दगडसुद्धा लावलेला नाही. कार्यसम्राटांच्या नावाचे फलक मात्र दर दोन किलोमीटरवर आहेत.

म्हणून मॉरिशसच्या त्या रस्त्यावर माझं मन समुद्राकडे लागेना.

बरं, तिथे स्मारकं नाहीत असं नाही. उलट पुष्कळ आहेत आणि चांगली राखली आहेत. ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटर उंच, सरळ उभा. पळून गेलेले गुलाम तिथे लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा आपल्याला धरायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. २००८ मध्ये युनेस्कोनं त्या डोंगराला जागतिक वारशात घेतलं. १ फेब्रुवारीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते.

गुलामगिरी जाणार हे दिसताच मळेवाल्यांनी करारावर हिंदी मजूर आणायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून छत्तीस जण उतरले, आणि तिथून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. हे गिरमिटिये. पोर्ट लुईच्या बंदरातला त्यांचा उतरण्याचा घाट, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे आणि २ नोव्हेंबरलाही सुट्टी असते. या लोकांचे हाल कैद्यांपेक्षा फार वेगळे नव्हते. एक दिवस कामावर नाही गेलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. १८६० च्या दशकात तर करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेला परवाना घेऊन फिरावं लागे, नाहीतर 'भटक्या' म्हणून अटक. पण त्या जुलमी कारभाराचा एक उलटा उपयोग झाला. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव, वय कागदावर. ती दप्तरं मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथे जाऊन लोक आपला पणजा कुठल्या जहाजानं आला ते शोधून काढतात.

यांत आपली मराठी माणसंही आहेत. कलकत्त्याहून सगळ्यात जास्त लोक गेले, मग मद्रासेहून, मुंबईहून सगळ्यात कमी. पण गेले ते टिकले. बहुतेक रत्नागिरीकडचे. आमचा ड्रायव्हर त्यांच्यातलाच निघाला! अर्ध्या वाटेत सूनबाईनं मोबाइलवर गणपतीची आरती लावली आणि हा गाडी चालवता चालवता बरोबर म्हणायला लागला, एक शब्द न चुकता. मराठी बोलता येतं का विचारलं तर हसला. घरी क्रिओल, बाहेर फ्रेंच, इंग्रजी. शाळेत मराठी घेतलं होतं, सरकारी शाळांत ते शिकवतात. आता आरत्या तेवढ्या राहिल्या. हेन्रिएटाच्या भिवाजी घराण्यानं १८९६ मध्ये पहिला गणपती बसवला असं तिथे मानतात. आज गणेश चतुर्थी तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे. कोकणातली जाखडी ते 'झाकरी' म्हणून अजून नाचतात. आडनावं मात्र गेली. कारकुनानं जे ऐकलं ते लिहिलं, म्हणून मूळ पुरुषाचं नाव तेच पुढे आडनाव झालं.

मी त्याला कैद्यांबद्दल विचारलं. त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याचा आजा 'कॉन्ट्रॅक्टवर' आला, तो नंबरासकट सांगू शकत होता. "पण कैदी? नाही. आमचे लोक कष्टाला आले," असं तो जरा घाईनं म्हणाला. मी विषय वाढवला नाही. त्याचं काय चुकलं? कुणाला आवडेल?

पुढे बे-द्यु-कापला रस्त्याकडेला समुद्रापाशी एक स्मारक लागतं. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीचं. ऑस्ट्रेलियाला सागरी प्रदक्षिणा घालून नकाशा करणारा हा माणूस, गळक्या जहाजाच्या दुरुस्तीसाठी १५ डिसेंबर १८०३ ला इथे लागला. युद्ध सुरू झालं आहे हे त्याला माहीत नव्हतं. फ्रेंच गव्हर्नरनं त्याला हेर ठरवून अडकवलं ते १८१० पर्यंत. (१८०३ च्याच ऑगस्टात वेल्स्लीनं आमचा नगरचा किल्ला घेतला. तारखा शेजारी शेजारी ठेवायची मास्तरांची सवय, दुसरं काही नाही.) नंतरची वर्षं फ्लिंडर्स एका फ्रेंच कुटुंबाच्या शेजारात, बऱ्यापैकी मोकळा राहत होता. अन्याय झाला हे खरंच आहे, आणि त्याची आठवण ठेवली याबद्दल तक्रार नाही. २००३ मध्ये द्विशताब्दीला ते स्मारक उभं राहिलं. एवढंच काय, त्याचं ट्रिम नावाचं मांजर या बेटावर हरवलं, त्या मांजराचे पुतळे सिडनीत आणि लंडनमध्ये आहेत!

आणि रस्ते करणाऱ्या दीड हजार कैद्यांच्या नावानं वर्षाचा एक दिवसही नाही. गुलामांचा दिवस आहे, गिरमिटियांचा आहे, कैद झालेल्या कप्तानाचा चौथरा आहे. आता तर मोक्याला शिवछत्रपतींचा पुतळाही झाला, २०२३ च्या एप्रिलमध्ये. हे सगळं हवंच. पण १८१५ ते १८३४ या काळात त्या बेटावर जे हिंदी पाय रोवून राबत होते, ते गिरमिटियांच्या आधीचे. त्यांच्याबरोबर बायका नव्हत्या, म्हणून त्यांची नावं सांगणारी घराणी फारशी उभी राहिली नाहीत, आणि जी राहिली असतील ती का सांगतील? मजुराचा नातू अभिमानानं सांगतो. जन्मठेपेच्या कैद्याचा नातू गप्प बसतो. ऑस्ट्रेलियातले गोरे लोक तेवढे आता आपला खापरपणजा कैदी म्हणून आला हे कौतुकानं सांगायला लागले आहेत. आपल्याकडे तसं होणं अवघड.

कैदी म्हटलं की लगेच नाक मुरडणारे आपण नाही, असं कुणी म्हणेल. पारनेर हे सेनापती बापटांचं गाव. मुळशी सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या माणसाचा आम्हांला केवढा अभिमान! शाळेत त्यांच्या जयंतीला मी स्वतः कितीदा भाषण केलं आहे. पण तो तुरुंग वेगळा. देशासाठी गेलेल्याला हार, पोटासाठी गेलेल्याचं नावही नाही.

आता घरचंच सांगतो, आणि हे मुख्यतः चुलत्यांच्या, आत्यांच्या घरच्या मंडळींसाठी. माझ्या आजोबांना एक थोरला भाऊ होता. १९१८ साली पाऊस गेला, त्यात तापाची साथ. त्या वर्षी शेजारच्या गावात सावकाराचं पेव रात्री फोडून लोकांनी जोंधळा नेला, त्यांत हा होता. शिक्षा झाली. तुरुंगातून सुटला की तिथेच गेला, याबद्दल घरात कुणी स्पष्ट बोललं नाही. एवढंच माझ्या आजीनं एकदा, मी दहा-बारा वर्षांचा असताना, चुलीपाशी सांगितलं आणि लगेच विषय बदलला. श्राद्धाला आजोबा सगळ्यांची नावं घ्यायचे, याचं नाही. वडिलांनाही ते ठाऊक नव्हतं. त्या जोंधळ्यावर त्या वर्षी आमचंच घर जगलं की नाही, हेही आता सांगायला कुणी उरलं नाही.

मॉरिशसहून आल्यावर मी वंशावळीचा मोठा तक्ता करायला घेतला आहे, पुतण्यानं कॉम्प्युटरवर चौकटी आखून दिल्या. बाकीच्या चौकटी बऱ्याचशा भरल्या. थोरल्या घरी जुनी वही होती असं कानावर आहे, आणि सुप्याच्या आत्याबाईंच्या माहेरच्या आठवणींत हे नाव असण्याचा संभव आहे. ज्यांना माहीत असेल त्यांनी संकोच न करता मला फोन करावा, संध्याकाळी सात नंतर मी घरीच असतो. आजोबांच्या डाव्या हाताची चौकट मी मोकळी ठेवली आहे. थोरला होता, म्हणून आधी.